निरोप नोंदवून घेतला आहे

त्या कॉलची लांबी एक मिनिट बेचाळीस सेकंद होती. तो सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी आला. मी तो दुपारी एकला दहा कमी असताना ऐकला, हेडफोन लावून, दोनदा. मग समोरच्या चौकटीत चार ओळी लिहिल्या. त्या ओळी मला आजही जशाच्या तशा सांगता येतात. पुढे वर्तमानपत्राच्या कामात आले, रोज लिहीत गेले. त्यातलं काहीही असं तोंडपाठ राहिलं नाही.

तेव्हा मी नांदेडला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होते. उन्हाळ्यात सहा आठवड्यांची इंटर्नशिप करावी लागे. वर्गातली बहुतेक मुलं पुण्याला गेली. मला लातूरची एक कंपनी मिळाली. औसा रोडवर टायरच्या दुकानावरचे दोन मजले तिच्याकडे होते. गावोगावच्या रक्त तपासणाऱ्या लॅबना ती सॉफ्टवेअर पुरवायची. रुग्णाचा रिपोर्ट लॅबमधून निघून त्याच्या मोबाइलवर पोचेपर्यंतचा सगळा रस्ता या कंपनीचा. खालच्या मजल्यावर हेल्पलाइन होती, नऊ माणसांची. वर प्रोग्रामर बसत. सुरक्षा विभाग म्हणजे एक सर आणि, त्या उन्हाळ्यापुरती, मी. सर लातूरचेच, बरीच वर्षं हैदराबादला काढून परत आलेले. बाहेरच्या माणसाला आत शिरता येईल अशा फटी शोधायच्या आणि बुजवायच्या, एवढंच आमचं काम होतं.

पहिला आठवडा मी सर्व्हरच्या नोंदी वाचल्या. दुसऱ्या आठवड्यात सरांनी मला खाली पाठवलं.

"वरचं दार पक्कं हाय," ते म्हणाले. "खाली बस आठ दिवस. माणसं काय करतात ते लिहून आण. मशीनचं मी बघतो."

खाली मला ज्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली त्या चाळिशीच्या होत्या. सगळे त्यांना ताई म्हणत, मीही म्हणू लागले. सासर लातूरचं, माहेर नांदेडच्याही पलीकडे, इस्लापूरजवळच्या एका खेड्यातलं. वीस वर्षं लातुरात काढूनही बोली माहेरचीच राहिली होती आणि त्यावरून त्यांची रोज चेष्टा व्हायची. कोणी 'काय करताय' विचारलं की बाकीचे त्यांच्याआधीच 'काम करून राहिले' म्हणत. त्यांना राग यायचा नाही. दुपारी त्या डबा उघडून अर्धी भाकरी न विचारता माझ्यापुढे सारायच्या.

"नांदेडच्या पोरी लई वाळक्या," म्हणायच्या. "गोदावरीचं पाणी पिऊन बी अंगाला लागत नाही."

हेल्पलाइनवर मुख्य कॉल घेणारे गृहस्थ साठीचे होते. टेलिफोन खात्यात एक्स्चेंजवर नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांना सगळे मामा म्हणत. फोन उचलताना ते अजूनही खुर्चीत सरळ होऊन बसत.

त्या आठवड्यातल्या मंगळवारी ताईंच्या मोबाइलवर फोन आला. "हां दादा," त्या म्हणाल्या आणि ऐकू लागल्या. मोबाइल टेबलावर ठेवला. उभ्या राहिल्या, परत बसल्या. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून सगळा मजला उठला. कोणी पाणी आणलं, कोणी नांदेडच्या गाडीची वेळ बघू लागलं, कोणी त्यांच्या नवऱ्याला फोन लावला. मामा त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. वडील गेले, एवढंच सगळ्यांना कळलं होतं.

अकरा मिनिटांनी त्यांच्या भावाचा परत फोन आला. त्यानं काय विचारलं ते ताईंनी नंतर सांगितलं. त्यानं विचारलं, "रडलीस का?" या हो म्हणाल्या. तर तो म्हणाला, "मग झालं. बाबा चहा पिऊन राहिले. घे, बोल."

वडील अंगणात दाढी करायला बसले होते आणि कावळा त्यांच्या डोक्याला शिवून गेला होता. आमच्या भागात तो मोठा अपशकुन मानतात. त्यावर उतारा असा, की त्या माणसाच्या सगळ्यात जवळच्याला तो गेल्याची खोटी बातमी पाठवायची. आधी कल्पना द्यायची नाही. बातमी ऐकणारा खरोखर रडला पाहिजे. तो रडला की आलेलं टळतं. ताई घरातल्या एकुलत्या लेक, म्हणून फोन त्यांना.

मजल्यावर हसणं सुरू झालं. ताई डोळे पुसत स्वतःही हसत होत्या. मामा म्हणाले, "आता म्हातारा शंभरी गाठतो बघ. पर तुझी या कारणाची रजा संपली. पुन्हा मागायला तोंड न्हाई राहिलं तुला."

"राहू द्या," ताई म्हणाल्या. "मामा, लई घाबरले हो मी."

मी माझ्या वहीत लिहिलं: अकरा मिनिटं नऊपैकी सात खुर्च्या रिकाम्या. पाच पडदे उघडे. त्यावर रुग्णांची नावं, वयं, तपासण्या. फोन कोणाचा, याची खात्री कोणी केली नाही.

सरांनी ती नोंद वाचली आणि वही बराच वेळ खाली ठेवली नाही. "लग्नपत्रिका, बक्षीस, बँक, असल्या सगळ्या फसवणुकीला माणसं आता हुशार झाली," ते म्हणाले. "मयतीला न्हाई. मयत म्हटलं की आपला माणूस विचारत न्हाई, चप्पल घालतो. बाहेरचा हेच वापरणार. त्याच्या आधी आपण वापरू."

ताईंना विचारावं असं त्यावेळी सरांनाही वाटलं नाही आणि मलाही. जे घडलं ते सगळ्यांसमोर घडलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात मी वरच्या मजल्यावर बसून, नवं सिम घालून, हेल्पलाइनला पाच फोन केले. पाच वेगवेगळ्या कर्मचाऱ्यांची चुलत बहीण म्हणून. प्रत्येक वेळी कोणीतरी लांबचं वारलेलं असायचं, चुलत आजोबा किंवा आतेसासरे, म्हणजे कोणाला फार लागू नये. त्या कर्मचाऱ्याचा खाजगी मोबाइल नंबर काढायचा, एवढाच हेतू. नंबर मिळाला की पुढचं सोपं असतं. घाबरलेल्या माणसाला म्हणायचं, ऑफिसातून बोलतोय, तुमची रजा टाकतोय, मोबाइलवर आलेला आकडा सांगा. तो सांगतो. त्या आकड्यानं त्याच्या नावानं आत शिरता येतं. आम्ही नंबरापाशी थांबलो. ताई त्या पाचांत नव्हत्या.

पाचपैकी चार नंबर मिळाले. तीन फोन मामांनी घेतले होते. शेवटच्याला त्यांनी नंबर तर दिलाच, वर विचारलं, "माती किती वाजता हाय बाई? गाडी बघू का? माझा भाचा क्रूझर चालवतो." अंत्यविधीला आमच्याकडे माती म्हणतात.

शनिवारी सरांनी सगळ्यांना एकत्र बसवून ते कॉल ऐकवले. माझा आवाज ओळखून खाली हशा पिकला. मामा हसले नाहीत.

"एक्स्चेंजला होतो तवा," ते म्हणाले, "बाकीचं सगळं थांबवून मयतीचा कॉल आधी जोडायचो आम्ही. कुणी शिकवलं नव्हतं. साहेबसुद्धा विचारायचा न्हाई."

"मामा, तवा फोनवर चोर नव्हते," सर म्हणाले.

"होते की. पर चोर बी मयतीवरून खोटं बोलत नव्हता."

"आता बोलतो. ही आपली पोरगीच बोलली बघा."

मामांनी माझ्याकडे बघितलं. "लई चांगलं बोललीस," ते म्हणाले. ते कौतुक होतं की काय, हे मी तेव्हा तपासलं नाही.

नियम मी लिहिला. पानभर होता. हेल्पलाइनच्या मजल्यावर मोबाइल आणायचा नाही, जिन्याजवळच्या लॉकरमध्ये ठेवायचा. नातेवाईक म्हणून कोणाचा फोन आला तर त्याला कर्मचारी क्रमांक विचारायचा. प्रत्येकानं तो आपल्या घरी कळवून ठेवायचा. क्रमांक सांगता आला नाही तर कर्मचाऱ्याला बोलवायचं नाही, काही सांगायचं नाही. वाद घालायचा नाही. 'आपला निरोप नोंदवून घेतला आहे, धन्यवाद' असं म्हणून फोन ठेवायचा आणि फॉर्म भरायचा. फॉर्म सुरक्षा विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे येणार. मी त्याच दिवशी रेकॉर्डिंग ऐकून निर्णय देणार. ते वाक्य मी मुद्दाम सौम्य ठेवलं होतं, फोन करणाऱ्याचा अपमान होऊ नये म्हणून.

आलेल्या नंबरावर उलटा फोन करून बघायचा, ही ओळ त्या पानावर नव्हती. ती मला सुचली नाही. सरांनी पान वाचलं, सही केली. त्यांनाही सुचली नाही. वर्तमानपत्रात निधनाची बातमी फोनवर आली की नवशिक्या माणसालाही पहिल्या दिवशी हेच सांगतात, उलटा फोन कर.

पाचव्या आठवड्याच्या सुरुवातीला सर म्हणाले, "हैदराबादचा माझा एक दोस्त या आठवड्यात एकदा फोन करणार. कधी, कुणाच्या नावानं, ते मलाबी म्हाईत न्हाई. तू पकडायचास."

मी वाट बघत होते.

गुरुवारी साडेअकराला मामा जिना चढून वर आले. ते सहसा वर येत नसत. "पोरी, आत्ता एक फॉर्म पाठवलाय," ते म्हणाले. "तेवढा आधी ऐक. मला बरं वाटंना."

"क्रमानंच ऐकते मामा," मी म्हटलं. माझ्यापुढे शेवटच्या सादरीकरणाची पानं होती.

एकला दहा कमी असताना त्या फॉर्मचा क्रम आला. सुरुवातीला एका माणसाचा आवाज. ताईंचं नाव घेऊन म्हणाला, त्यांना द्या, त्यांचा भाऊ बोलून राहिलो.

"कर्मचारी क्रमांक सांगा," मामांचा आवाज.

"काय?"

"त्यांचा कर्मचारी क्रमांक."

"तो घरी कॅलेंडरवर लिहून हाय. मी हिमायतनगरला दवाखान्यात हाय, दुसऱ्याच्या फोनवरून बोलून राहिलो. बाबा गेले म्हणा तिला. ह्या टायमाला खरंच गेले म्हणा, कावळ्याचं नाही. लगेच निघ म्हणा. आम्ही थांबतो, म्हणा."

मागे एक बाई रडत होती. शब्द कळत नव्हते. एकच काहीतरी ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मग चार सेकंद कोणीच बोललं नाही. मग मामा म्हणाले, "आपला निरोप नोंदवून घेतला आहे. धन्यवाद."

मी लिहिलं: 'कॉलरकडे कर्मचारी क्रमांक नाही, घरी असल्याचे सांगून टाळाटाळ. नंबर अनोळखी. मागील घटनेचा उल्लेख करतो, म्हणजे कार्यालयातील माहिती बाहेर गेली आहे. पार्श्वभूमीला स्त्रीच्या रडण्याचा आवाज, दबाव आणण्यासाठी.' खाली निष्कर्षाच्या रकान्यात: तोतया कॉल. नियम पाळला गेला.

सरांचा दोस्त चांगली तयारी करून आला आहे, असं मला वाटलं. त्याला कावळ्याची गोष्ट सरांनीच सांगितली असणार, असंही वाटलं. मला ते सापडलं होतं, याचा आनंद होता.

खाली डबे उघडले होते. मामा माझ्याकडे बघत होते. मी जवळ गेल्यावर हळू विचारलं, "काय निघालं?"

"खोटा."

"नक्की?"

"नक्की."

"बरं झालं," ते म्हणाले. मग म्हणाले, "ताईला कानावर घालू का?"

"नको. उगाच घाबरतील. संध्याकाळी मी सांगते."

काचेपलीकडे ताई जेवत होत्या. वांग्याची भाजी होती. त्यांनी माझ्यासाठी अर्धी भाकरी काढून डब्याच्या झाकणात ठेवली होती. मी ती खाल्ली.

लातूरहून इस्लापूरला गाडी करून निघालं तर पाच तास लागतात. अकरा वीसला निघाल्या असत्या तर साडेचारला पोचल्या असत्या. माझ्या चार ओळींच्या जागी मी त्यांना हाक मारली असती, तरी सहापर्यंत, निघाल्याचं वाटेतून कळवून.

सहाला ताईंनी लॉकरमधून मोबाइल काढला. मी जिन्यातच होते, दुपारचं सांगायचं म्हणून थांबले होते. त्यांनी पडदा बघितला. एकोणीस फोन येऊन गेले होते. त्यांनी तिथंच उभं राहून भावाला फोन लावला. या वेळी त्यांच्या तोंडून कसलाही आवाज निघाला नाही. "कधी?" एवढं विचारलं. मग, "मला कुणी सांगितलंच नाही, दादा." मग बराच वेळ फक्त ऐकत राहिल्या. पलीकडून फोन ठेवला गेला तरी मोबाइल कानालाच होता.

माती साडेपाचला झाली होती. मे महिना, शव ठेवायची बर्फाची पेटी मिळाली नाही, गावातल्या जुन्या माणसांनी पाचनंतर थांबू दिलं नाही.

मामा मागच्या पायरीवर बसले होते. ते दुसऱ्या दिवसापासून कामावर आले नाहीत. त्यांचा डबा आणि चष्म्याचं घर न्यायला पुढच्या आठवड्यात त्यांचा भाचा आला. गाडी खाली चालू ठेवून वर आला आणि लगेच गेला. सरांच्या दोस्तानं त्याच शुक्रवारी दुपारी फोन केला. बँकेतून बोलतो म्हणाला. मामांच्या जागी बसवलेल्या माणसानं तो लगेच ओळखला.

ताई तिसरा दिवस करून परत आल्या आणि मंगळवारी कामावर बसल्या. घरी का थांबल्या नाहीत, हे त्यांनी जेवताना सांगितलं. कोणी भांडलं नाही. कोणी बोललंच नाही. दादा गावाला सांगत होता, निरोप दिलाय, नोंदवून घेतला म्हणाले, ती निघाली असंल. ताईंच्या नवऱ्याचाही फोन लागत नव्हता, पाच वाजेपर्यंत दादा फाट्यावर जाऊन येत होता. मग चुलते म्हणाले, निरोप पोचला आणि ती आली नाही, तर आता कोणासाठी थांबायचं.

"त्यांना वाटून राहिलं, मला कळलं होतं," ताई म्हणाल्या. "कावळ्याचंच असंल समजून बसून राहिली, म्हणतात. दादा म्हणतो, मी सांगितलं ना खरंच हाय म्हणून. आता कुणी कुणाला सांगितलं काय ठाव, मामाचाबी फोन बंद."

त्यांना वाटत होतं, निरोप मामांपाशी अडकला. ते तसंच राहू शकलं असतं. माझे चार दिवस उरले होते. डबा झाकून त्या उठायच्या आत मी सांगितलं. कॉल मी ऐकला होता. एकला दहा कमी असताना. खोटा मी ठरवला. मामांनी तुम्हाला सांगू का विचारलं होतं, मी नको म्हटलं.

त्यांनी डबा परत टेबलावर ठेवला.

"तवा मी काय करून राहिले होते?"

"जेवत होतात."

"तू बी होतीस."

"हो."

त्या म्हणाल्या, "ऐकव मला."

रेकॉर्डिंग सुरक्षा विभागाबाहेर कोणाला ऐकवायचं नाही, असा नियम होता. तोही मीच लिहिलेला. मी त्यांना वर नेलं, माझ्या खुर्चीवर बसवलं आणि हेडफोन दिला. सर उठून बाहेर गेले. ताईंनी ते पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्या वेळी मधेच हात वर केला.

"ही आई," त्या म्हणाल्या. "माझं नाव घेऊन राहिली."

मी म्हटलं, नाव तर ऐकू येत नाही.

"कागदावरचं नाही. घरातलं." त्यांनी ते सांगितलं. लहानपणचं, दोन अक्षरी, त्यांच्या आईशिवाय आता कोणी घेत नसलेलं. मी हेडफोन घेऊन परत लावला. ते स्पष्ट होतं. पुन्हा पुन्हा तेच होतं, सात वेळा. ते नाव त्या इमारतीत कोणालाही ठाऊक नव्हतं. हैदराबादच्या कुठल्याही माणसाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. मी ते दोनदा ऐकून रडण्याचा आवाज असं लिहिलं होतं.

ताईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "येईना," त्या म्हणाल्या, मी विचारलं नसताना. "गावाकडं बी आलं नाही. बाया बघून राहिल्या होत्या माझ्या तोंडाकडं. माझं सगळं रडणं त्या मंगळवारीच झालं. बाबाला फोनवर हसून राहिलेलं ऐकलं, तेच शेवटचं." मग त्या उठल्या. "तेराव्याला चल तू. दादाला तुझ्या तोंडानं सांग. माझं आता कुणी ऐकायचं नाही."

रेकॉर्डिंग नव्वद दिवसांनी आपोआप पुसलं जायचं. माझ्या चार ओळी राहिल्या असतील. सुरक्षेच्या नोंदी कोणालाही पुसता येऊ नयेत, अशी व्यवस्था तिथं होती. शेवटच्या दिवशी मी त्याखाली नवी ओळ घातली: वरील निष्कर्ष चुकीचा, कॉल खरा होता. नियमाच्या पानावर उलट्या फोनची ओळही घातली. सरांनी दोन्हींवर सही केली. माझ्या प्रमाणपत्रात त्यांनी 'उत्कृष्ट' लिहिलं होतं. मी ते कॉलेजात जमा केलं.

तेराव्याला ताई पहाटेच्या गाडीनं लातूरहून नांदेडला आल्या. तिथून पुढे आम्ही एका बाकावर बसून गेलो. भोकरनंतर त्या झोपल्या, किंवा डोळे मिटून बसल्या. नवरा आदल्या दिवशीच पुढे गेला होता.

घरासमोर मांडव होता. भाऊ माझ्या कल्पनेपेक्षा लहानखुरा निघाला. डोकं भादरलेलं, टोपी कपाळावर सरकलेली. आवाज मात्र मी कुठेही ओळखला असता. ताई त्याला म्हणाल्या, "दादा, ही काय सांगून राहिली ते ऐक." आणि बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

मी सांगितलं. इंटर्नशिप, नियम, क्रमांक, वेळ. शेवटी त्यानं विचारलं, "तुम्ही सोता ऐकलं?"

"हो."

"मी दवाखान्याच्या दारात उभा राहून बोललो. ते तुम्हाला नाटक वाटलं."

"हो."

"आन् आईचं?"

"तेही."

त्यानं टोपी काढली, परत घातली. मग माझ्या खांद्यामागे कोणाला तरी हाक मारली. चुलते आले. "काका, ऐका हे," तो म्हणाला. "सांगा यांना."

मी परत सांगितलं. चुलत्यांनी विचारलं, म्हणजे पोरीला ठाऊकच नव्हतं? नव्हतं, मी म्हटलं. ते पंगतीकडे गेले. मग भावानं दुसऱ्या कोणाला बोलावलं, मग तिसऱ्या. जो कोणी मांडवात शिरे त्याला तो माझ्यापुढे आणून उभा करत होता आणि म्हणत होता, सांगा. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. निरोप नोंदवून घेतला, हे त्यानं ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्या प्रत्येकाला त्याला ते आता दुरुस्त करून द्यायचं होतं. प्रत्येक वेळी माझं सांगणं आखूड होत गेलं. कंपनी गेली, नियम गेला, कर्मचारी क्रमांक गेला. शेवटी एवढंच राहिलं: निरोप आला होता, मी तो खोटा ठरवला, यांना सांगितलं नाही.

त्यांची आई भिंतीला टेकून बसली होती. प्रत्येक वेळी ती ऐकत होती, पहिल्यांदा ऐकावं तसं. मला वाढलं ते तिनंच सांगून. "बुंदी वाढा तिला," म्हणाली. मी जेवले. कोणी मला उठ म्हटलं नाही, आणि तसं कोणी म्हणेल याची मी वाट बघत होते.

तीनच्या सुमारास एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले. वडिलांचे लहानपणापासूनचे मित्र, त्यांना ऐकू कमी येत होतं. मातीच्या दिवशी तेही फाट्यावर जाऊन थांबले होते. भावानं त्यांना खुर्ची दिली आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं तर आईनं हात केला.

"राहू दे," ती मला म्हणाली आणि त्यांच्या कानाशी वाकली. "माझ्या पोरीला म्हाईतच नव्हतं. ही पोरगी हाय ना, हिला मी रडून राहिलेली खोटी वाटले. म्हणून हिनं सांगितलं नाही."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, ओळख करून दिल्यावर हलवतात तशी. "कुठली?" त्यांनी विचारलं.

"नांदेडची," आई म्हणाली.

परतीला ताई माझ्याबरोबर येणार होत्या. दोघींचं तिकीट मी काढायचं असं येताना ठरलं होतं. त्या ओसरीवर आल्या तेव्हा हातात पिशवी नव्हती. "मी राहते थोडे दिवस," म्हणाल्या. आतून आईनं त्यांना हाक मारली, त्या दोन अक्षरी नावानं. त्या वळल्या आणि आत गेल्या.

मी एक तिकीट काढलं.